त्या ‘वगैरे’त काय आहे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका २६ वर्षांच्या नर्सचं पत्र आहे. ती लिहिते: ‘पुण्याच्या एका हॉस्पिटलात निवड झालीय. २२ डिसेंबरपर्यंत कळवायचंय. भाऊ आखातात, इथं आई एकटी पडेल. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून देवाकडे खूण मागतेय. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्तीही लागली, देव गप्पच. पगाराचं वगैरे विचारलं नाही, देवावर भरवसा ठेवल्यावर ते बरं दिसत नाही. देवाची इच्छा ओळखू कशी?’

पोरी, आईचं आणि भावाचं राहू दे बाजूला. ‘पगाराचं वगैरे विचारलं नाही’ म्हणतेस, त्या ‘वगैरे’त काय काय आहे ठाऊक आहे?

तुझं रजिस्ट्रेशन कर्नाटकचं. पुण्यात काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी आणि त्यासाठी कर्नाटक कौन्सिलची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. कागद येईपर्यंत तुला कोणत्या पदावर, किती पगारावर ठेवणार? बॉंड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचे? ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणार असतील तर तिथंच नाही म्हण. ओरिजिनल दाखवायची, द्यायची झेरॉक्स. कागद त्यांच्या कपाटात अडकले की नोकरी सोडायचीही सोय उरत नाही. हातात किती येणार तेही विचार. बेसिकचे १२ टक्के पीएफला जातात, पगार २१,००० पर्यंत असला तर ०.७५ टक्के ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, वर हॉस्टेल आणि मेस. महिन्याला नाइट किती, आणि त्यानंतर सलग दोन सुट्ट्या मिळतात का? एका सुट्टीत खानापूरला येऊन परत जाणं होत नाही. आईचा प्रश्न निम्मा इथंच आहे.

आणि बरं दिसत नाही म्हणे! २० डिसेंबरच्या मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं, पहिलं वाचन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ७ वा अध्याय. देव आहाज राजाला सांगतो, खूण माग. तो साळसूदपणे म्हणतो, मी मागणार नाही, देवाची परीक्षा पाहणार नाही. यशया त्यावर चिडतो: माणसांना शिणवलंत ते पुरे झालं नाही, आता माझ्या देवालाही शिणवता? त्याच मिस्सेचं दुसरं वाचन लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. देवदूत येशूच्या जन्माचा एवढा निरोप घेऊन आला, तर मरियेचं पहिलं वाक्य काय? ‘हे कसं होईल?’ उत्तर ऐकलं, मगच ती म्हणाली, मी प्रभूची दासी. तू मधला प्रश्नच गाळलास. खुणेची वाट बघतेस, पण होकार नक्की कशाला द्यायचा हेच तुला माहीत नाही.

सोमवारी दहा वाजता वही घेऊन बस आणि हॉस्पिटलला फोन लाव. उत्तरं मेलवर लेखी माग. शुक्रवारपर्यंत मेल आला नाही तर पुन्हा फोन कर, लाजू नकोस. शनिवारी, २० तारखेला, मिस्सेला जाताना ती वही पिशवीत असू दे.