शिदोरी गेटवर अडली तर?

ऊन चढू लागलं की आमच्याकडे वॉटर पार्कच्या तक्रारींची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत एकच गोष्ट फिरून फिरून आली आहे: घरचा डबा आत का नेऊ देत नाहीत? ग्राहक कायदा आणि अन्नसुरक्षा पाहणाऱ्या आमच्या सल्लागारांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेची 46 मुलं आणि आम्ही चार शिक्षक एका वॉटर पार्कला गेलो होतो. पोरांच्या मायांनी पहाटे उठून पुऱ्या अन् आलूची भाजी बांधून दिली होती. गेटवर सगळे डबे काढून घेतले, पाण्याच्या बाटल्याही ठेवून घेतल्या. आतले दर पाहून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. हे कायद्यात बसते काय?
— शिक्षक, आर्णी तालुका, यवतमाळ

उत्तर : डब्यांबाबतचं उत्तर कडू आहे, म्हणून ते आधी. बाहेरचं खाणं आत येऊ न देणं खासगी जागेच्या मालकाच्या अधिकारात बसतं. जम्मू-काश्मीरच्या चित्रपटगृहांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी हेच म्हटलं. तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रेक्षकांना खाणं नेऊ द्या असा आदेश दिला होता, तो रद्द झाला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: जागा मालकाची, अटीही त्याच्या, आतलं खाणं घ्यायचं की नाही हे मात्र प्रेक्षकाने ठरवायचं. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलेबीचा दाखला दिला होता. कोणी जिलेबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर सफाईचा खर्च कोणी करायचा? हा निकाल चित्रपटगृहांचा आहे, वॉटर पार्कचा नव्हे. पण पार्कवाल्याचा वकील सगळ्यात आधी तोच पुढे करील. विधिमंडळाच्या 2018च्या पावसाळी अधिवेशनात नागपुरात झालेली 'बाहेरचं खाणं नेता येईल' ही घोषणा अनेकांच्या लक्षात आहे. ती मल्टिप्लेक्सबद्दल होती. तिच्या भरवशावर पार्कच्या गेटवर भांडू नका.

पाण्याची गोष्ट निराळी. जम्मू-काश्मीरच्या त्याच प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी लागेल तेवढं खाणं आईबापाला नेता आलं पाहिजे. तुमच्या बाटल्या ठेवून घेतल्या आणि आत फुकट पाणीही नव्हतं, असं झालं असेल तर तक्रारीचा जोर डब्यांवर नको, इथे धरा. 'आत नळ आहे' असं सांगितलं तर तो आधी दाखवायला सांगा. तलावाच्या काठी पाय धुवायला बसवलेला नळ म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे.

दुसरा भक्कम मुद्दा म्हणजे ही अट तुम्हाला कधी कळली. ॲडव्हान्स भरताना कोणी काही सांगितलं नाही, पावतीवर काही नाही आणि पाटी थेट गेटच्या आत, असं असेल तर माहिती दडवल्याची तक्रार 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली करता येते. ती आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात चालते, पार्क असेल त्या जिल्ह्यात जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज 'ई-जागृती' पोर्टलवरूनही करता येतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा.

पुढच्या वेळी ॲडव्हान्स देण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात तारीख आणि मुलांची संख्या लिहा. डबे आत चालतील की गेटबाहेरच्या शेडमध्ये खायचे ते विचारा. जेवायला बाहेर आलेल्या मुलांना परत आत सोडणार का, तेही विचारा. हा शेवटचा प्रश्न राहून जातो आणि तिथेच घोटाळा होतो. मनगटाचा कागदी पट्टा ओला होऊन फाटला की गेटवाला परत घेत नाही, म्हणून पट्टा फाटला तर काय, हेही लिहून घ्या. मंगळवार-बुधवारच्या गटाचं पार्कवाले ऐकून घेतात. रविवारी त्यांना तुमची गरज नसते.

पाणी बसमध्ये ठेवा. 50 जणांना माणशी 2 लिटर म्हणजे 100 लिटर, म्हणजेच 20 लिटरचे पाच जार. एका जाराला तोटी बसवून घ्या. पोरं ग्लास बुडवून घेतात आणि जार तासाभरात गढूळ होतो.

प्रश्न : बाटलीवर 20 रुपये छापले होते, स्टॉलवाल्याने 50 घेतले. बिल मागितलं तर म्हणे मशीन बंद आहे.
— वाचक, हिंगणघाट

उत्तर : सीलबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्तीला विकणं हा वैधमापन नियमांचा, म्हणजे वजन, माप आणि छापील किमतीच्या नियमांचा, भंग आहे. एकाच वस्तूच्या एकाच मापाच्या पाकिटावर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायलाही 1 जानेवारी 2018पासून मनाई आहे, म्हणजे 'आमच्या पार्कसाठीची किंमत वेगळी छापून येते' ही सबब चालत नाही. एक फट मात्र ध्यानात ठेवा. हॉटेलात टेबलावर बसवून वाढलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त घेता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे, कारण तिथे सेवाही विकली जाते. खिडकीतून बाटली हातात दिली, टेबल नाही, खुर्ची नाही, वाढपी नाही, तर ती सेवा कशाची, हा तुमचा युक्तिवाद.

बिल नसेल तर पैसे रोख देऊ नका. यूपीआयची नोंद, त्यात दिसणारं दुकानाचं नाव आणि किंमत वाचता येईल असा बाटलीचा फोटो, एवढ्यावर वैधमापन निरीक्षकाकडे अर्ज होतो. बाटली फेकू नका. बॅच नंबर तिच्यावरच असतो.

प्रश्न : परदेशात असं अडवतात का?
— कॉलेज विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर : दोन्ही रीती आहेत. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आपलं खाणं नेता येतं. काचेची भांडी नकोत, गरम करावं लागेल असं काही नको, अशा काही अटी आहेत. 1983 मध्ये सुरू झालेल्या टोकियो डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत चालत नाही, पण प्रवेशद्वाराबाहेर डबा खायला वेगळी जागा केलेली आहे. म्हणजे नाही म्हणणाऱ्यानेही बसायला जागा दिली आहे.

प्रश्न : मे महिन्यात सकाळी सहाला निघून दुपारी एकला जेवायचं असतं. मागच्या खेपेस आलूची भाजी आंबली. काय न्यावं?
— गृहिणी, चांदूर रेल्वे

उत्तर : 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू वाढतात. शिजवलेलं ओलं अन्न साध्या हवेत दोन तास, आणि बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा हिशेब धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो आणि उन्हात उभ्या बसमध्ये त्याहूनही वर जातो. सात तासांचा प्रवास ओल्या भाजीने करू नये.

उकडलेला आलू आतून बराच वेळ गरम राहतो. त्यात कांदा, टमाटर आणि वरून ओला सांबार (कोथिंबीर) पडला की आंबायला सगळं तयार. त्याऐवजी आलूच्या पातळ काचऱ्या करा, पाणी न घालता तेलावर कडक परता. जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखट पुऱ्या, मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे, गूळ हे सगळं टिकतं. ठेचा तेलावर परतलेला असेल तर चालतो, वाटून तसाच ठेवलेला नको. मसालेभात घरीच ठेवा. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करून जात नाही. वास चांगला आहे म्हणून भात चांगला आहे, असं होत नाही.

बांधण्यातही चुका होतात. पुरी कढईतून काढून थेट डब्यात घातली की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि वरच्या दोन-तीन पुऱ्या चिकट होतात. बुरशी तिथूनच सुरू होते. पुऱ्या सुती कापडावर एकेक पसरून अर्धा-पाऊण तास ठेवा. वर्तमानपत्रावर नको, शाई तेलात उतरते. मग डबा भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी उघडून झाकणाच्या आतून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर पुऱ्या अजून गरम आहेत, परत पसरा. हे पहाटे चारला जड वाटतं, म्हणून पुऱ्या रात्रीच तळलेल्या बऱ्या. चटणीला कोरडा चमचा वेगळा ठेवा. बसमध्ये डबा मागच्या काचेखाली किंवा इंजिनच्या बाजूला ठेवू नका. ओल्या पंच्यात गुंडाळून सीटखाली सावलीत ठेवा.

पाण्याची बाटली रात्री फ्रीजरमध्ये ठेवताना पाऊणच भरा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. मठ्ठ्यापेक्षा पन्हं सोपं: कैरीचा गर, गूळ आणि मीठ घट्ट कालवून बर्फाच्या बाटलीला खेटून न्या, तिथे पाण्यात घोळा. पाण्यात खेळणाऱ्या पोरांना घाम कळत नाही आणि तहानही उशिरा लागते. दर तासाला बाहेर बोलावून पाणी पाजा. कोणी गळून गेलं तर 1 लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. डबा नेऊ देतील का?
— वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जवळ ठेवा आणि गेटवर शिपायाशी हुज्जत न घालता व्यवस्थापकाला बोलवा. ग्लुकोजची पुडी डब्यात नको, आईच्या अंगावरच्या पिशवीत ठेवा. थरथर, घाम, बोलण्यात गोंधळ दिसला तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात द्यायची आणि 15 मिनिटांनी साखर परत तपासायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. इन्सुलिन गार ठेवा, पण बर्फाला चिकटवून नको. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत कृषी पर्यटन सुरू करतो आहे. लहान तलाव, रेन डान्स, झुले. साठ-सत्तर माणसं येतील. घरचं खाणं येऊ द्यावं का? दोस्त म्हणतात, येऊ दिलं तर धंदा बसेल.
— शेतकरी, वरूड तालुका

उत्तर : येऊ द्या. पण तलावापाशी नको.

मोठे पार्क स्वच्छतेचं कारण देतात ते खोटं नाही. तलावाच्या पाण्यात मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, 7.2 ते 7.8 ठेवावा लागतो. तेल, भज्यांचा चुरा, घाम पाण्यात गेला की क्लोरीन त्यांच्याशी लढण्यातच खर्ची पडतं आणि क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो आणि लोक म्हणतात, 'औषध जास्त झालं.' खरं तर कामाचं क्लोरीन तेव्हा कमी झालेलं असतं. तेलाने वाळूचं फिल्टरही चोंदतं. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा 8-10 पीएसआय (दाबाचं एकक) वर चढला की उलटं पाणी सोडून धुवावं लागतं. काच सगळ्यात वाईट. एक बाटली पाण्यात फुटली तर तुकडे दिसत नाहीत, अख्खा तलाव रिकामा करावा लागतो.

म्हणून जेवणाचा मांडव तलावापासून दूर आणि मध्ये पाय धुवायची जागा, अशी आखणी करा. पंगतीत बसणाऱ्याला एक चौरस मीटर धरा. 60 माणसांना वाढप्याच्या वाटेसह 80 चौरस मीटर पुरतात. साबणासह चार नळ ठेवा. थर्माकोलच्या ताटल्या महाराष्ट्रात 2018पासून बंद आहेत, पळसाच्या पत्रावळी विकत द्या. उष्ट्यासकट त्या तुमच्याच खताच्या खड्ड्यात जातील. कचऱ्याच्या ड्रमला कडी लागणारं झाकण हवं. नुसतं ठेवलेलं झाकण वांदर दुसऱ्या दिवशी काढायला शिकतं, आणि एकदा शिकलं की टोळी घेऊन येतं.

धंद्याचं म्हणाल तर लोक डब्यात आणू शकत नाहीत ते विका: गरम भजी, चहा, गार ताक, हंगामात संत्र्याचा रस. डबा घेऊन आलेली बाईसुद्धा चार वाजता चहा मागतेच. विकायला लागण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा. तो क्रमांक बिलावर छापावा लागतो. मांडवाचं भाडं लावायचं असेल तर लावा, पण तिकिटातच. वेगळं मागितलं की कटकट होते. पिशवी तपासताना शिपायाने आत हात घालू नये, पाहुण्यालाच उघडायला सांगावं.

पाटी एवढीच लिहा: 'घरचा डबा चालेल, फक्त मांडवात. काच, दारू, चूल नको. पिण्याचं पाणी फुकट, नळ डाव्या हाताला.' ती तिकीट खिडकीवर लावू नका. मोटारसायकली लावतात तिथे लावा, म्हणजे माणूस पैसे काढायच्या आत वाचेल.