नाक राहू द्या, फोन हलवा

पत्र : ताई, मी चौतीस वर्षांची. दोन वर्षांपासून घरून काम करते, रोजचे चार-पाच तास व्हिडिओ मीटिंगमध्ये जातात. हल्ली स्क्रीनवर दिसणारा चेहरा माझा वाटतच नाही. नाक मोठं, पसरट; रेकॉर्डिंग पाहिलं तर तोंडही वाकडं. लॅपटॉपचा कॅमेरा बिघडल्यापासून फोन कीबोर्डवर टेकवून बसते, त्यामुळे दिवसभर तेच डोळ्यांसमोर. पुढच्या आठवड्यात प्लास्टिक सर्जनची वेळ घेतली आहे. नवरा म्हणतो, ‘काही झालेलं नाही तुझ्या नाकाला.’ त्याला माझ्याकडे बघायलाही वेळ नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. – अनोळखी

उत्तर : सगळं पत्र नाकाबद्दल लिहिलंत आणि मुद्द्याची गोष्ट एका वाक्यात उरकलीत : फोन कीबोर्डवर टेकवलेला असतो. म्हणजे कॅमेरा चेहऱ्यापासून फूट-सव्वा फुटावर, तोही हनुवटीच्या खाली. नाकपुड्यांवर रोखलेला कॅमेरा तुम्हीच मांडलात आणि दोष नाकाला देताय!

हिशेब करून बघा. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. कॅमेरा शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ वर. जे जवळ ते मोठं उमटतं, त्यामुळे नाकाच्या मानाने कान जवळजवळ ३० टक्के लहान येतात. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हाच फरक ७ टक्क्यांवर उतरतो. यात फोन महागडा की साधा याचा संबंध नाही, सगळा खेळ अंतराचा. ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात २०१८ साली हे गणित मांडलं गेलं : १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक आहे त्याहून सुमारे ३० टक्के रुंद भासतं, ५ फुटांवरून जवळपास आहे तसंच दिसतं. हे मांडणाऱ्यांत प्लास्टिक सर्जनच होते, कारण लोक सेल्फी दाखवत त्यांच्याकडे येत होते.

आता वाकडं तोंड. मीटिंग चालू असताना स्क्रीनवर तुम्हाला तुमची आरशातल्यासारखी, उलटी प्रतिमा दिसते. रेकॉर्डिंगमध्ये ती सुलटी होते. दोन बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा कुणाचाच नसतो. डावीकडचा जरासा उतार एकदम उजवीकडे गेला की तो दुप्पट खुपतो. १९७७ साली अमेरिकेत काही तरुणींना त्यांचेच सुलटे आणि उलटे फोटो दाखवले, तर निम्म्याहून जास्त जणींना आरशातला चेहरा आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींपैकी निम्म्याहून जास्त जणींना सुलटा. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते बरं वाटतं.

म्हणून नवऱ्यावर रागावण्याआधी थांबा. तो तुमची समजूत काढत नाहीये. तो तुम्हाला चार-पाच फुटांवरून आणि सुलटं बघतो, म्हणजे या बाबतीत तुमच्यापेक्षा त्याची साक्ष पक्की. तो वेळ देत नाही, हे भांडण वेगळं आहे. ते जरूर भांडा, पण नाकाला त्यात ओढू नका.

खरं नुकसान नाकापेक्षा मोठं आहे. माणूस बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून स्वतःला ओळखत आला : तो हसला, त्याच्या कपाळावर आठी पडली, त्याला कंटाळा आला. तुमच्यासमोर मात्र चार-पाच तास तुम्हीच बसलेल्या असता. आरसा समोर असला की माणूस स्वतःला मापत सुटतो आणि मापात कमीच भरतो, असं ड्युव्हल आणि विकलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ सालीच मांडलं होतं. तुमचा आरसा तर दिवसभर हलतच नाही, वर चेहरा फुगवूनही दाखवतो. त्यात स्वतःची ओळख पटेल कशी?

तेव्हा उद्या सकाळी क्लिनिकला फोन करून ती वेळ रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्दच करा. सर्जनला नाक कापता येतं, अंतर नाही. ऑपरेशननंतर सूज पूर्ण ओसरून आकार पक्का व्हायला साधारण वर्ष जातं, आणि वर्षानंतर फोन कीबोर्डवरच असेल तर नवं नाकही मोठंच दिसेल.

मग फोन स्टँडवर लावा : भिंग डोळ्यांच्या उंचीला, चेहऱ्यापासून निदान एक मीटर लांब. इतक्या लांबून आवाज बारीक जातो, म्हणून माइक असलेला इअरफोन लावा. बऱ्याच फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारा ‘ब्युटी मोड’ असतो, तो चालू असेल तर बंद करा. मीटिंगच्या ॲपमध्ये ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ शोधा. सुरुवातीला एकदा फ्रेम बघायची आणि स्वतःचा चौकोन लपवायचा. इतरांना तुम्ही दिसतच राहता. पर्याय सापडला नाही तर त्या चौकोनावर कागदाचा कपटा चिकटवा. तेवढंही पुरतं.

आणि नवऱ्याला कामाला लावा. मागच्या कॅमेऱ्याने एक फोटो फूटभरावरून, दुसरा दीड मीटरवरून झूम करून, चेहरा दोन्हींत सारखाच मोठा येईल असा. दोन्ही शेजारी ठेवून नाकाकडे नाही, कानांकडे बघा. जवळच्या फोटोत ते लहान आणि थोडे गालांमागे दडलेले दिसतील.

महिनाभर हे सगळं करूनही रोज तासाच्या वर वेळ नाक तपासण्यात, लपवण्यात, त्याच विचारात जात असेल, तर तेव्हाही सर्जन नको. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि हे दोन्ही फोटो सोबत न्या.