आधी कागदावर बाण काढ

रेल्समध्ये (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ऑर्डरच्या मॉडेलला पेड, पॅक्ड, शिप्ड असे पाच बुलियन, म्हणजे हो-नाहीचे, कॉलम लावलेस ना? काढून टाक. पाच हो-नाहींच्या 32 जोड्या होतात, त्यातल्या अर्थपूर्ण जेमतेम सहा. स्थितीसाठी एकच स्ट्रिंग कॉलम ठेव, त्यात नल (रिकामी किंमत) येऊ देऊ नकोस आणि एएएसएम जेम लाव, म्हणजे कुठल्या स्थितीतून कुठे जाता येतं ते सांभाळणारी रूबीची लायब्ररी. पण कोडच्या आधी कागदावर एका स्थितीतून दुसरीकडे जाणारे बाण काढ. शिप झालेली ऑर्डर रद्द करता येते का, असले प्रश्न तिथेच पडतात, आणि त्यांचं उत्तर तू नाही, धंदा चालवणारी माणसं देतात.

आता फसायची जागा. इव्हेंटची, म्हणजे स्थिती बदलणाऱ्या घटनेची, मेथड नुसती बोलावलीस तर स्थिती फक्त मेमरीत बदलते. मेथडच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह लावलं तरच ती सेव्ह होते. (या एका चिन्हापायी माझी अख्खी दुपार गेलीय.) ग्राहकाला मेल पाठवायचा तो आफ्टर कमिटमध्येच, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावर. नाहीतर ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं (बदल मागे घेतले जातात) आणि मेल मात्र गेलेला असतो!

आणि अनेक नोंदी एकदम बदलणारं अपडेट ऑल जपून वापर. ते थेट एसक्यूएल चालवतं, तुझे नियम त्याच्या गावीही नसतात.