विसापूर नको, सिंहगड. तोही घाट चालू असेल तरच

प्रश्न : मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी जुलैअखेर आम्ही दोघं पुण्यात येतोय. मधला बुधवार मोकळा आहे. मुलीने लोणावळ्याजवळच्या विसापूर किल्ल्याचे व्हिडिओ बघितलेत; धबधब्यातल्या पायऱ्यांनी चढायचं म्हणते. मी ५१ वर्षांचा. रोज चार किलोमीटर चालतो, पण आमच्या अकोल्यात चढ म्हणजे उड्डाणपूल. गाडी नाही, ट्रेकवाल्या कुणाची ओळख नाही. जावं का, ताई?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नका जाऊ. मुलीचा राग माझ्यावर ढकला. त्या पायऱ्या म्हणजे पावसाळ्यात ओढाच. वर जोराची सर आली की पाणी बघता बघता वाढतं, आणि पाण्याखालचा दगड शेवाळलेला. वर पोचलात तरी माथा अफाट पसरलेला. मी तिथे दहाएक वेळा जाऊन आलेली, तरी एकदा धुक्यात फसले. तटाच्या कडेने सरळ चाललेय अशा समजुतीत तासाभराने एका टाक्यापाशी आले, तर माझ्याच डब्याचं विसरलेलं झाकण तिथे दगडावर!

तेव्हापासून नवख्याला डोंगर सुचवताना मी आधी एकच बघते : अर्ध्यातून फिरायची वेळ आली तर काय? सिंहगड इथे पास होतो. शहरापासून तीसेक किलोमीटर. स्वारगेटहून पायथ्याची पीएमपी, म्हणजे शहर बस, मिळते. पायथ्याच्या आतकरवाडीतून निघालेली पायवाट पुणे दरवाजाशी पोचते. चढण साधारण ६०० मीटरची, म्हणजे टेकडी समजून जाऊ नका. पुण्यातले काही काका दर आठवड्याला पाऊण तासात चढतात आणि आपल्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. बघू देत. तुम्ही दोन तास घ्या.

वाटेत ताक, लिंबू सरबत, तिखटमीठ लावलेली काकडी घेऊन मावश्या बसलेल्या असतात. मला त्या गडाच्या पहारेकरीच वाटतात. कुणाला धाप लागलीय, कुणाचा पाय मुरगळलाय, हे त्यांना तुमच्याआधी कळतं. बुधवार आहे ते बरंच. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जत्रा असते.

शिवाय गडावर गाडीरस्ता जातो. गुडघे कुरकुरायला लागले तर वरच्या वाहनतळावरून जीपने उतरा, त्यात कसला कमीपणा? पण याच घाटात पावसाळ्यात दरडी येतात आणि रस्ता बंद करतात. घाट बंद असेल त्या दिवशी पायवाटेनेही चढू नका, कारण तुमची जीप गेली. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज बघा, आणि तोही पुणे घाटमाथ्याचा. शहराला यलो अलर्ट आणि घाटमाथ्याला रेड, असं एकाच दिवशी असू शकतं. ऑरेंज किंवा रेड दिसला तर सरळ पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा आणि खाली येऊन मिसळ खा.

आता बूट. रोजचे फिरायचे बूट आजच उलटे करून बघा. तळाची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर गडाच्या लाल चिखलात ते साबणासारखे सरकतील. मी स्वतः अशाच ‘अजून वर्षभर जातील’ म्हणून ठेवलेल्या बुटांवर उतरताना आपटलेय. माकडहाड महिनाभर बोलत होतं. खोल नक्षीचे, साधे, स्वस्त बूट चालतील. नवे घेतलेत तर अकोल्यातच आठ दिवस घालून फिरा. छत्री आणू नका, वरचा वारा ती उलटी करतो. रेनकोट घ्या, आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

वर गेल्यावर कल्याण दरवाजा जरूर बघा, पण तिथून खाली उतरू नका. ती वाट दुसरीकडे, कल्याण गावात जाते, आणि तुमची बस राहते आतकरवाडीच्या बाजूला. कड्यांच्या टोकाशी धुकं असताना जायचं नाही, व्हिडिओसाठी तर नाहीच. मुलीला म्हणावं, तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापाशी काढ की हवे तेवढे.

दुपारी दोनला उतरायला लागा. त्याआधी पिठलं-भाकरी होऊन जाऊ दे. मडक्यातलं दही मात्र दोघांत एक मागवू नका, पुरत नाही.