ट्विन टर्बो लावू का?

प्रश्न: दादा, माझ्याकडे जुनी बीएमडब्ल्यू ५३०आय आहे, सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. बाहेरून ट्विन टर्बोचं किट मागवायचंय, मेकॅनिक म्हणतो इंजिन न उघडता होऊन जाईल भिया. लावू का?
– एक वाचक, पलासिया, इंदूर

उत्तर: बसेल हो, टिकेल का ते बघा. तुमचं इंजिन बीएमडब्ल्यूचं एन५२ असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आधीच १०.७, त्यात हवा दाबून भरली की स्पार्कची ज्वाला पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, म्हणजे नॉकिंग, आणि मग पिस्टनचं काही खरं नाही. कंपनीने स्वतः एन५४ या इंजिनाला दोन टर्बो दिले तेव्हा कॉम्प्रेशन १०.२ ठेवलं, शिवाय तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं त्यामुळे आतलं मिश्रण थंड राहतं, तुमच्याकडे ते पोर्टमध्येच, म्हणजे सिलिंडरबाहेरच्या हवेच्या वाटेत, फवारतं. म्हणून इंजिन उघडायचं नसेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, अगदी कमी ठेवा, नाहीतर फोर्ज्ड (दाबून घडवलेले, मजबूत) पिस्टन टाकून कॉम्प्रेशन उतरवा.

इंजेक्टर, पंप, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग, हा खर्च किटच्या वर धरा. आणि ऑइलची रिटर्न लाइन! टर्बोतलं ऑइल उतारानेच सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत जातं, पाइप वर चढवला की सील गळून निळा धूर.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) पण आहेच, विमा क्लेमच्या वेळी आठवेल.

आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते बघायला) करा, एखाद्या सिलिंडरचा दाब बराच कमी निघाला तर किटचे पैसे त्याच्या दुरुस्तीलाच लावा.