थोमाचे आठ दिवस

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तुझा मेसेज मिळाला. पप्पांशिवायचा पहिला ईस्टर, मनात काहीच हलत नाही, आणि अशा मनाने चर्चमध्ये उभं राहून “प्रभू उठला आहे” म्हणणं म्हणजे ढोंग, त्यापेक्षा पुण्यातच राहते, असं तू लिहिलं आहेस. मम्मीचा धोशा की घरी ये. दादाने तर चर्चची पायरी चढणार नाही असं साफ सांगून टाकलंय. मधल्यामध्ये तू.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू “हो बाई, हो बाई” करतेस आणि मनातलं गिळून टाकतेस. शब्बाथ शाळेत, रविवारच्या बायबलच्या वर्गातही तेच करायचीस. म्हणून लिहायला बसले.

ये. आणि वाटत नसेल ते वाटल्यासारखं दाखवू नकोस. दोन्ही एका वेळी करता येतं. प्रभू येशूच्या बारा शिष्यांतल्या थोमाने केलं होतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढ. आपल्याकडे थोमा म्हटला की संशयी, आणि दरवर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी त्याला धारेवर धरायचं, हे ठरलेलं. पण त्याच्या आठ दिवसांकडे कुणी बघत नाही. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभू आला तेव्हा हा तिथे नव्हता. बाकीचे सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणतो, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी विश्वास ठेवायचा नाही. पुढे योहान एवढंच सांगतो, की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. ते आठ दिवस त्या घरात कसे गेले असतील? बाकीच्यांच्या तोंडी एकच गोष्ट, आणि हा एकटा तोंड पाडून बसलेला. तुझा विश्वास नाही तर ऊठ पंगतीतून, असं त्याला कुणी म्हटल्याचं लिहिलेलं नाही. तुमचं तुम्हाला लखलाभ म्हणून तोही गालीलाची वाट धरून गेला नाही. प्रभू दुसऱ्यांदा आला तो त्याच घरात, सगळे एकत्र असताना. हाच थोमा पुढे आपल्या देशात आला आणि चेन्नईजवळ त्याने प्राण दिला, अशी दक्षिणेतल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. एवढा लांबचा पल्ला गाठणाऱ्या माणसाचीही सुरुवात अशी होती.

तेव्हा तू नुसती येऊन उभी राहा. पाळकसाहेब म्हणतील, “प्रभू उठला आहे.” तुझ्याने “खरोखर उठला आहे” म्हणवत नसेल तर गप्प राहा. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या तुझ्या वाटचंही म्हणतील, आणि चांगलं खणखणीत म्हणतील. मंडळी असते कशाला मग?

लोक मात्र बोलतील, त्याची तयारी ठेव. “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात” हे वाक्य तुला चर्चच्या दारापासून घरापर्यंत चार ठिकाणी ऐकू येईल. मला ते वाक्य अजिबात सहन होत नाही. देवाला काय माणसांचा तुटवडा आहे? मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. त्याने लाजराच्या बहिणींना, मार्थेला आणि मरीयेला असलं काही ऐकवलं नाही. पण बोलणाऱ्यांशी वाद घालू नकोस. त्यांनाही सुचत नाही म्हणून ते बोलतात. उगवता सूर्य आणि कमळासारख्या दिसणाऱ्या लिलीच्या फुलांचे मेसेज येतील, त्यांना हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळी हो.

आता शनिवारचं. गुड फ्रायडेला, शुक्रवारी बारा ते तीन भर उन्हात चर्च भरतं, क्रुसावरचे सात उद्गार सात जण सांगतात, कुणी अर्धा तास खातो आणि सातव्या वक्त्याला पाच मिनिटं उरतात. रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते. मधल्या शनिवारी उपासना नाही, संदेश नाही, काही नाही. शुभवर्तमानातही त्या दिवसाबद्दल फार लिहिलेलं नाही. लूक म्हणतो, स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. तुझं वर्ष सध्या शनिवारात आहे, असं मला वाटतं. त्याला रविवार लवकर जोडायची घाई नको.

आणि शनिवारीच आपल्याकडे खरं काम असतं, कबरस्थानात. मम्मी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पप्पांची कबर पावसाळ्यातली. माती ओली होती, ती आता डोक्याकडच्या बाजूने चांगली वीतभर खचली आहे आणि क्रूस एका अंगाला कलला आहे. मम्मी ते बघून आली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात संगमरवराने ठाण मांडलंय. तिला सांग, घाई नको. माती अजून बसायची आहे, आत्ता बांधकाम केलं तर वर्षभरात फरशीला तडा जाईल. आणखी एक पावसाळा जाऊ दे. यंदा दोन पाट्या माती टाकायची, दाबायची, कडेने विटा लावून चुना मारायचा आणि क्रूस सरळ करून नाव पुन्हा रंगवायचं. पहिलं नाव कुणी घाईत लिहिलंय, आडनावातली वेलांटी चुकली आहे. मला ते येता-जाता खुपतं. तुझं अक्षर वळणदार आहे, ते तूच लिही.

मार्क सांगतो, त्या बायका पहाटे कबरेकडे निघाल्या तेव्हा एकमेकींना विचारत होत्या, दारावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? उत्तर कुणापाशीच नव्हतं. तरी घरी थांबल्या नाहीत. त्या काही आशेने भारून निघाल्या नव्हत्या गं. मेलेल्या माणसाचं करायचं राहिलं होतं, ते करायला निघाल्या होत्या. ईस्टरची पहिली बातमी ज्यांना मिळाली त्या या अशा, हातात काम घेऊन निघालेल्या बायका. तुला काही वाटत नाही म्हणतेस, पण चुना तर कालवता येईल.

दादाबद्दल. त्याच्यावर रागावू नकोस आणि मम्मीलाही त्याच्या मागे लागू देऊ नकोस. पप्पांच्या आजारपणात रात्री-अपरात्री तो एकटा धावत होता, आणि ज्यांनी प्रार्थनेची मोठी मोठी आश्वासनं दिली ते पुढे फिरकले नाहीत. त्याचा राग मला कळतो. ज्या टिळकांची भजनं आपण दर रविवारी गातो त्यांचं घर आठव. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. ताटातूट झाली, हाल झाले. पुन्हा एकत्र आले तेव्हाही बाई ख्रिस्ती नव्हत्या, सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी त्या आल्या त्या आपल्या मनाने. त्यांनी स्वतः हे सगळं लिहून ठेवलंय, आणि इतक्या हसतखेळत की वाचताना आपल्याला लाज वाटावी आपल्या रुसव्याफुगव्यांची. एका घरात दोन मनं असली म्हणजे घर मोडत नाही.

दादाला चर्चला चल म्हणू नकोस. कबरस्थानात मातीच्या पाट्या उचलायला चल म्हण. तो येईल, बघ. आणि रविवारी उपासनेनंतर सगळे न्याहारीला घरीच बसा. उठलेल्या प्रभूने तळ्याच्या काठावर काय केलं? रात्रभर जाळं टाकून दमलेल्यांसाठी कोळशाचा विस्तव पेटवला, मासळी भाजली, भाकर ठेवली आणि म्हणाला, या, न्याहारी करा. त्यांच्यातल्याच पेत्राने, त्याच्या शिष्याने, त्याला तीनदा नाकारलं होतं. तो विषय निघाला, पण खाणं झाल्यावर. हा क्रम मम्मीच्या लक्षात आणून दे. दादाला जे काही सुनवायचं असेल ते पोट भरल्यावर, आणि खरं तर तेव्हाही नको.

येताना या वेळी एसटीऐवजी रेल्वेने ये. शिक्रापूर-रांजणगावच्या ट्रॅफिकमधून सुटका होईल, आणि दौंडच्या आधी केडगाव लागतं. आपल्या नगरचं केडगाव नव्हे, पंडिता रमाबाईंचं. यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे, आणि रमाबाई गेल्या तीही 5 एप्रिललाच, 1922 साली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. केडगावच्या मुक्तिसदन या त्यांच्या आश्रमाचं काम पुढे तिने चालवायचं, असं सगळं ठरलेलं. त्यानंतरही रमाबाई बायबलच्या भाषांतराला बसत राहिल्या. छापलेलं संपूर्ण पुस्तक बाहेर आलं 1924 मध्ये, त्या गेल्यावर. शिवाय 1922 चा ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे रमाबाई लेंटमध्येच, ईस्टरआधीच्या उपवासकाळातच गेल्या, पुनरुत्थानाचा सण दाराशी असताना. मला आशा हा शब्द ऐकला की कुणाचा हसरा चेहरा आठवत नाही. मुलीला माती दिल्यावर पुन्हा मेजाशी बसलेली ती बाई आठवते. प्रभूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले दोघे शिष्यही म्हणतातच ना, आम्हाला आशा होती. होती. आणि हे ते ज्याला सांगत होते तो प्रभूच त्यांच्या शेजारून चालत होता, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते घरी नेऊन जेवायला बसवल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा.

आणि रविवारी संध्याकाळी पुण्याला परत गेलीस म्हणजे ईस्टर संपला असं नाही. स्वर्गारोहणापर्यंत चाळीस दिवस, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत पन्नास. आपल्याकडे पुढच्या रविवारी निम्मं चर्च रिकामं असतं, ते सोड. या सात आठवड्यांत एवढं कर, की दर रविवारी रात्री मम्मीला फोन लावायचा आणि “जेवलीस का” विचारून ठेवून द्यायचा नाही. पप्पांचं काहीतरी काढायचं. सायकलवरून दूध आणायचे ते, भजनात तबला धरला की घड्याळ विसरायचे ते. सगळे तिच्यासमोर त्यांचं नाव टाळतात, ती रडेल म्हणून. रडू दे की. मग ती एखादी गोष्ट तुला माहीत नसलेली सांगेल. जमलं तर एक उतारा वाचून दाखव, मार्क सोळा, लूक चोवीस, योहान वीस, एकवीस, असं पुढे. अर्थ सांगायच्या भानगडीत पडू नकोस, तो तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतो.

रविवारी पहाटे साडेचारला चर्चच्या दारातून निघायचं आहे. पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले असतील, चांदणं असेल, तरी बॅटरी घे. कबरस्थानात वाट खडबडीत आहे आणि मम्मीचा गुडघा दुखतोय. मेणबत्त्या मी आणते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघ. 2 तारखेला हनुमान जयंती, गावोगाव यात्रा, आदल्या रात्री गर्दी फार असेल. नाव रंगवायला काळ्या रंगाचा छोटा डबा आणि दोन नंबरचा ब्रश तिकडूनच घेऊन ये, इथल्या दुकानात ब्रशचे केस गळतात.

तुझी,
बाई

ता. क. मटणाचं दादाला आजच सांगून ठेव. ईस्टरच्या सकाळी उजाडायच्या आत रांग लागते, आणि उशिरा गेलं की हाडं हातात येतात.