सायप्रस देशाचे दोन तुकडे कसे काय झाले?

मुख्य कारण १९७४. ब्रिटिशांनी १९६० ला स्वातंत्र्य दिलं पण ग्रीक आणि तुर्की सायप्रसवाल्यांचं तीन वर्षांतच फाटलं, युनोची शांतिसेना आली (आपले जनरल थिमय्या तिचे कमांडर होते, १९६५ ला तिथेच वारले). मग जुलै ७४ मध्ये ग्रीसच्या लष्करशहांनी बंड घडवून राष्ट्राध्यक्ष मकारिओसना हाकललं आणि पाचच दिवसांत तुर्कस्तानने सैन्य उतरवलं, उत्तरेकडचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेतला तो आजतागायत सोडलेला नाही. तिथल्या सरकारला मान्यता फक्त तुर्कस्तानची. राजधानी निकोसियाच्या मधूनच बफर झोन (दोन्ही बाजूंना वेगळं ठेवणारा युनोच्या ताब्यातला पट्टा) जातो, लेड्रा स्ट्रीटवर दुकानं बघत बघत पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येतं, जुना एअरपोर्ट मात्र मध्येच अडकून कायमचा बंद. आणि ब्रिटिश तरी कुठे पूर्ण गेलेत, अक्रोटिरी आणि ढेकेलियाचे लष्करी तळ अजून त्यांचेच आहेत!